देवाची वही आणि गावाची वही

(श्री मारुती मंदिराच्या जीर्णोद्धारानंतर कलशारोहण सोहळ्यात, सप्ताहाच्या सहाव्या दिवशी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर. व्याख्याते निवृत्त शिक्षक असून गावाच्या विनंतीवरून त्यांनी तो स्मरणिकेसाठी लिहून दिला आहे.)



आज मारुतीरायाच्या शिखरावर कळस चढला. ज्यांनी जुने मंदिर पाहिले आहे त्यांना या क्षणाचे मोल निराळे सांगावयास नको. माळवद गळत होते, सागवानी तुळयांना वाळवी लागली होती, आणि पावसाळ्यात पुजाऱ्याला मूर्तीवर छत्री धरून पूजा करावी लागे. अशा स्थितीतून हे दगडी काम उभे राहिले, त्यात मोठ्या देणगीदारांचा वाटा आहे, तसाच हळदीच्या पोत्यामागे चार पैसे बाजूला काढणाऱ्या शेतकऱ्याचा आणि अकरा रुपये पदराच्या गाठीतून सोडून देणाऱ्या माउलीचाही आहे. या सर्वांना मी प्रथम वंदन करतो.

समितीने मला विषय दिला आहे तो "धर्म, राजकारण आणि नागरिकाचे कर्तव्य" असा. विषय मोठा आहे आणि माझी योग्यता बेताची आहे. कीर्तनकार महाराजांसारखे दृष्टांत मजजवळ नाहीत. परंतु याच मंदिराच्या बांधकामात एक प्रसंग असा घडला की, तो नीट सांगितला तरी या विषयावरचे निम्मे व्याख्यान होईल. समितीच्या परवानगीने तो सांगतो.

आपल्याकडे मारुतीचे मंदिर म्हणजे गावाचे ओसरीघर. नवरदेव पहिल्यांदा येतो तो मारुतीला. पोळ्याचे बैल येतात ते मारुतीला. भाऊबंदकीचा तंटा असो की बांधाचे भांडण, माणसे बसतात ती मारुतीच्या पारावर. तेव्हा निवडणुकीची बोलणी याच पारावर सुरू झाली तर त्यात नवल नाही. प्रश्न एवढाच की, ती बोलणी पाराच्या पायरीपाशी थांबावीत की गाभाऱ्यापर्यंत जावीत.

बांधकाम पायथ्याच्या वर आले आणि पैसा संपला. सभामंडपाचे खांब उभे होते, वर छत नव्हते. त्याच सुमारास ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ आली. एका रात्री समितीची बैठक सभामंडपातच, उघड्या आभाळाखाली भरली. त्या बैठकीत एका सद्‌गृहस्थांनी सूचना मांडली की, जो कोणी सभामंडपाचे संपूर्ण छत घालून देईल त्याला गावाने सरपंच करावे. निवडणुकीचा खर्च वाचेल, भाऊबंदांत वैर वाढणार नाही, आणि देवाचे काम मार्गी लागेल. एकाच दगडात तीन कामे. पैसा कोणाच्या खिशात जाणार नाही, देवाच्या पायाशी जाईल, मग त्यात वावगे ते काय?

सूचना मांडणारे गृहस्थ लोभी नव्हते, हे मी मुद्दाम सांगतो. त्यांची तळमळ खरी होती. बैठकीतील बहुतेक माना हलल्या. मीही गप्प बसलो. तीस-बत्तीस वर्षे मुलांना नागरिकशास्त्र शिकविलेला मी माणूस. पण छताचा खर्च डोळ्यांपुढे होता आणि तोंडातून शब्द फुटला नाही.

तेव्हा खांबाला टेकून बसलेले एक म्हातारे शेतकरी, ज्यांची दीड एकर कोरडवाहू जमीन आहे आणि ज्यांनी दोन पायल्या ज्वारी मंदिराला दिली होती, ते म्हणाले, "मग आमच्यासारख्यानं सरपंच व्हायचंच न्हाई का? आन् ज्यानं छत घातलं त्याला उद्या हिशेब इचारायचा झाला, तर त्याच्याच छताखाली बसून कोन इचारील?"

बैठक शांत झाली. कोणी वाद घातला नाही. समितीच्या खजिनदारांनी वही मिटली आणि म्हणाले, "ही देवाची वही आहे. गावाची वही ग्रामपंचायतीत आहे. दोन्हीची पाने एकमेकींत लावायची नाहीत." सूचना तिथेच बारगळली. त्याचा परिणाम काय झाला, तोही लपवीत नाही. दोन पावसाळे खांब तसेच भिजत उभे राहिले. पुन्हा वर्गणी करावी लागली. आणि आज आपण ज्या मंडपात बसलो आहोत तो मूळ नकाशापेक्षा एका खणाने लहान आहे. पाहुण्यांपैकी कोणी विचारील की मंडप असा आखूड का, तर त्याला हे उत्तर द्यावे.

मंडळी, हा मोह आपल्याच गावाला झाला असे समजू नका. जानेवारी २०२१ मध्ये महाराष्ट्रात ग्रामपंचायतींच्या निवडणुका होत होत्या. नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या दोन गावांत पदांचा लिलाव झाल्याचे उघडकीस आले. उमराण्यात बोली दोन कोटी पाच लाखांवर गेली, खोंडामळीत बेचाळीस लाखांवर. पैसा मंदिराच्या कामासाठी, असेच तेथेही सांगितले गेले. राज्य निवडणूक आयोगाने चौकशी करविली आणि मतदानाच्या तोंडावर दोन्ही गावांची निवडणूक प्रक्रिया रद्द केली. त्या गावांना नावे ठेवावीत म्हणून मी हे सांगत नाही. तेथील माणसेही आपल्यासारखीच श्रद्धाळू, कांदा-कापूस पिकविणारी. वाट कोठे चुकते हे दिसावे म्हणून सांगतो.

आता "देवाला दिले, खिशात घातले नाही" या युक्तिवादाचा विचार करू. तो वरवर पाहता बिनतोड वाटतो, म्हणून त्याला नीट उत्तर दिले पाहिजे.

पहिले उत्तर असे की, जी वस्तू आपली नाही ती देवाला वाहता येत नाही. शेजाऱ्याच्या मळ्यातला ऊस तोडून नैवेद्य दाखविला तर तो नैवेद्य होत नाही. सरपंचपद ही पारावर बसलेल्या पाच-पंचवीस माणसांची मालमत्ता नव्हे. ते गावातील प्रत्येक मतदाराचे आहे. त्या रात्री बैठकीला नसलेल्या स्त्रियांचे आहे, ऊसतोडीला परजिल्ह्यात गेलेल्यांचे आहे, आणि त्या वर्षी अठरा पुरी करणाऱ्या पोरांचेही आहे. त्यांचे मत त्यांना न विचारता विकावयाचे आणि पुण्य आपण घ्यावयाचे, हा कोणता धर्म?

दुसरे उत्तर व्यवहाराचे. ज्याने पदासाठी लाखो मोजले तो ते पाच वर्षांत कोठून तरी काढणार. पाणीपुरवठ्याच्या पाइपात काढील, रस्त्याच्या खडीत काढील, घरकुलाच्या यादीत काढील. म्हणजे छत देवाचे झाले खरे, पण त्याची किंमत गरिबाच्या घरकुलाने दिली. अशा छताखाली भजन गोड कसे लागेल?

तिसरे उत्तर आरक्षणाचे. घटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने १९९३ पासून पंचायतींना घटनात्मक आधार मिळाला आणि अनुसूचित जाती, जमाती व स्त्रिया यांना जागा राखून मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये स्त्रियांचा वाटा निम्म्यावर नेला. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या पाराच्या खाली बसविले त्यांना पारावर बसता यावे म्हणून ही व्यवस्था आहे. लिलाव पुकारला की ती सगळी व्यवस्था पैशापाशी येऊन थांबते. राखीव जागेवरही मग बोली लावणाऱ्याच्याच मर्जीतले माणूस बसते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. बिनविरोध निवडणूक वाईट, असे माझे म्हणणे नाही. सर्वांनी एकत्र बसून, लायक माणूस पाहून, कोणाचा हक्क न दडपता एकमत केले तर ती गावाची शोभाच होय. एकमत आणि लिलाव यांत फरक एवढाच की, एकमतात माणसाचे गुण मोजले जातात आणि लिलावात त्याच्या नोटा.

आता कायदा काय म्हणतो तेही थोडक्यात पाहू, कारण अनेक विश्वस्त मंडळींना तो ठाऊक नसतो. लोकसभा व विधानसभेच्या निवडणुकांसाठी १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा आहे. धर्म, जात, वंश, पंथ किंवा भाषा यांच्या नावाने मत मागणे हा त्यात भ्रष्ट आचार ठरविला आहे. त्याच कायद्यात आणखी एक गोष्ट आहे, ती ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. मत दिले नाहीस तर देवाचा कोप होईल, अशी भीती मतदाराच्या मनात घालणे हाही भ्रष्ट आचारच आहे. खेड्यापाड्यांत बेलभंडारा उचलावयास लावून मताची शपथ घेवविण्याचा जो प्रकार चालतो तो याच जातीचा. नोकरीच्या काळात एका गावी मी असा प्रकार डोळ्यांनी पाहिला आहे. एक विधवा बाई थरथरत्या हाताने भंडारा उचलीत होती आणि नंतर मला म्हणाली, "गुरुजी, मत माझं असतं तर त्यांनी हात धरला नसता." ते वाक्य मी विसरलेलो नाही.

हा कायदा केवळ कागदावर राहिला असेही नाही. १९८७ साली मुंबईत विलेपार्ले येथे विधानसभेची पोटनिवडणूक झाली. प्रचारात धर्माच्या नावाने मते मागितली गेली म्हणून उच्च न्यायालयाने ती निवड रद्द ठरविली आणि १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. पुढे २ जानेवारी २०१७ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन अशा मतांनी सांगितले की, उमेदवाराच्या धर्माचे नाव घेणे जसे निषिद्ध, तसेच मतदाराच्या धर्माला हाक घालून मत मागणेही निषिद्ध.

आणि मंदिराच्या विश्वस्तांनी भिंतीवर लावून ठेवावा असा कायदा १९८८ चा आहे. धार्मिक स्थळांचा गैरवापर रोखण्यासाठी तो केला गेला. देवस्थानाची जागा कोणत्याही राजकीय प्रचारासाठी वापरू देऊ नये, देवस्थानाचा पैसा कोणत्याही राजकीय पक्षाच्या कामी लावू नये, असे तो सांगतो. आणि मोडणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद सांगतो. हा कायदा मंदिराला, मशिदीला, गुरुद्वाऱ्याला, विहाराला आणि चर्चला सारखाच लागू आहे.

इतके ऐकून कोणी म्हणेल, "मग धर्माने राजकारणाकडे पाठ फिरवावी काय? चांगल्या, सात्त्विक माणसांनी गावकारभारात पडूच नये काय?" माझे उत्तर स्पष्ट नाही असे आहे, आणि त्यासाठी आपल्याच मातीतली दोन उदाहरणे देतो.

पहिले नामदेव महाराजांचे. परंपरेने त्यांचा जन्म इ. स. १२७० मध्ये नर्सी येथे झाला असे आपण मानतो, आणि औंढ्याला विसोबा खेचर त्यांना गुरू म्हणून भेटले. औंढा नागनाथाची आख्यायिका इथल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. नामदेव देवळापुढे कीर्तन करीत होते, त्यांना तेथून उठविले गेले. ते मागच्या बाजूला जाऊन उभे राहिले, तर देऊळच त्यांच्याकडे फिरले. आजही औंढ्याचा नंदी मंदिराच्या मागल्या अंगास आहे आणि माणसे त्याकडे बोट दाखवून ही कथा सांगतात. कथेचा शब्दशः अर्थ घ्यावा की नाही, हा वाद मी घालीत नाही. तिचा बोध मात्र सात शतके जिवंत आहे. दाराशी कोण उभे करावे हे ठरविणाऱ्यांच्या बाजूला देव राहिला नाही. ज्याला मागे लोटले त्याच्याकडे तो वळला. पुढे नामदेव पंजाबपर्यंत गेले. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत. घुमान हे तिथले त्यांचे गाव. २०१५ मध्ये ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथे भरले. नर्सीचा एक शिंपी पंजाबात पूज्य होतो, तो कोणाकडून मते मागून नव्हे. धर्म माणसे जोडतो तो असा.

दुसरे उदाहरण स्वामी रामानंद तीर्थ यांचे. अंगावर भगवी वस्त्रे, हाती हैदराबाद संस्थानातील लोकांच्या लढ्याचे नेतृत्व. हिप्परगा आणि अंबाजोगाई येथे त्यांनी शिक्षकाचे काम केले आणि १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात ते तुरुंगात गेले. त्या काळी निजाम सरकारने स्टेट काँग्रेसवर जातीयतेचा शिक्का मारून बंदी घातली होती. त्याच सुमारास धार्मिक हक्कांसाठी आर्य समाज व इतर संघटनांचाही सत्याग्रह चालू होता. दोन्ही लढे एकच आहेत असा समज होऊ नये म्हणून महात्मा गांधींच्या सल्ल्याने स्टेट काँग्रेसने डिसेंबर १९३८ मध्ये आपला सत्याग्रह स्थगित केला. शेकडो माणसे तुरुंगात असताना चालता लढा थांबविणे सोपे नव्हते. पण आमची मागणी सर्व प्रजेसाठी जबाबदार राज्यपद्धतीची आहे, एका धर्मासाठी नाही, ही रेघ त्यांना पुसू द्यावयाची नव्हती. संन्याशाने राजकारण केले, पण संन्यासाच्या नावाने मत मागितले नाही.

ही रेघ पुसली की काय होते, ते आपल्या वाडवडिलांनी भोगले आहे. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, आपण झालो नाही. एका धर्माच्या नावाने राज्य टिकविण्यासाठी रझाकार उभे राहिले आणि या भागात गावेच्या गावे रात्री रानात जाऊन झोपू लागली. वसमतचे बहिर्जी स्मारक महाविद्यालय ज्या हुतात्म्याचे नाव चालविते, ते याच लढ्यातले. त्याच वेळी हैदराबादेत शोएबुल्ला खान नावाचे एक तरुण मुसलमान संपादक "इमरोज" या उर्दू दैनिकातून लिहीत होते की, संस्थानाने भारतात सामील व्हावे. ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी त्यांची हत्या केली. लिहिणारा हात तोडला. मुक्तीसाठी रक्त सांडले ते एका धर्माचे नव्हते, हे आपण १७ सप्टेंबरला झेंडा चढविताना ध्यानात ठेवावे.

आणि एक कटू गोष्टही बोललीच पाहिजे. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर संस्थानाच्या अनेक भागांत सूडाचा वणवा पेटला आणि ज्यांचा रझाकारांशी संबंध नव्हता अशी मुसलमान माणसेही त्यात मारली गेली. केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफार यांच्या समितीला पाहणीस पाठविले. ज्या जिल्ह्यांना सर्वांत जास्त झळ लागली त्यांत त्या समितीने आपल्या शेजारच्या नांदेडचेही नाव लिहिले आहे. काही गावांत हिंदू शेजाऱ्यांनी मुसलमान कुटुंबे घरात लपवून वाचविली, हेही त्याच काळाचे सत्य आहे. सत्तेने धर्माचे शस्त्र हाती घेतले की ते एका बाजूला कापून थांबत नाही. म्हणून राज्यघटनेने २५ व्या कलमात प्रत्येकाला आपापल्या श्रद्धेचे स्वातंत्र्य दिले, आणि २७ व्या कलमात सांगितले की, एखाद्या धर्माच्या प्रसारासाठी कोणाकडूनही कर वसूल करता येणार नाही. खजिनदारांनी त्या रात्री दोन वह्यांचे जे सांगितले, ते घटनेचेच सांगणे होते.

दोन वह्यांची ही रीत आपल्याकडे नवी नाही. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांनी देशभर मंदिरे, घाट, धर्मशाळा बांधल्या; औंढ्याच्या जीर्णोद्धारातही त्यांचे नाव सांगितले जाते. त्या कामांचा पैसा त्यांनी आपल्या खाजगीतून दिला. दौलतीचा पैसा प्रजेचा आणि खाजगी आपली, हा भेद त्यांनी सांभाळला. राणीला जे कळले ते सरपंचाला कळावयास हरकत नसावी. स्वातंत्र्यानंतर सोमनाथाचे मंदिर पुन्हा उभारावयाचे ठरले, तेव्हाही सरकारी तिजोरीतून खर्च न करता लोकवर्गणीतून आणि विश्वस्त संस्थेच्या हातून ते काम व्हावे, असा आग्रह गांधीजींनी धरला आणि सरदार पटेलांनी तो मानला. १९५१ मध्ये तेथे प्रतिष्ठा झाली.

आता आपल्या मनाकडे वळू. भक्ती हा आपल्या मराठवाड्याचा स्वभाव आहे. नामदेव, जनाबाई, एकनाथ, रामदास ही सर्व याच भूमीची लेकरे. पण ज्या भावाने आपण मारुतीपुढे वाकतो, त्याच भावाने एखाद्या पुढाऱ्यापुढे वाकू लागलो तर? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात याच गोष्टीचा इशारा दिला होता. त्यांच्या सांगण्याचा आशय असा की, धर्मात भक्ती माणसाला मोक्षाकडे नेऊ शकेल, परंतु राजकारणात भक्ती ही अधोगतीची आणि अखेर हुकूमशाहीची वाट आहे. देवाला आपण हिशेब विचारीत नाही. पुढाऱ्याला विचारलाच पाहिजे. तो कोणत्याही पक्षाचा असो, कोणत्याही जातीचा असो, आणि त्याने मंदिराला कितीही देणगी दिलेली असो.

१९७६ साली घटनेत नागरिकांची मूलभूत कर्तव्ये घातली गेली. धर्म, भाषा, प्रांत यांच्या पलीकडे जाऊन बंधुभाव वाढविणे आणि सार्वजनिक मालमत्ता सांभाळणे ही त्यांतली दोन. ही कर्तव्ये आपल्या गावाच्या भाषेत कशी दिसतील, हे सांगून मी आवरते घेतो.

ग्रामसभेला जावे. शंभर मतदार किंवा एकूण मतदारांच्या पंधरा टक्के, यांतील जी संख्या कमी असेल तेवढी माणसे जमली तर गणपूर्ती होते. आज या मंडपात त्याच्या कितीतरी पट माणसे आहेत. सप्ताहाला सात दिवस येणाऱ्या गावाला ग्रामसभेला वर्षातून चार दिवस येणे अवघड नसावे. आणि येताना माता-भगिनींना घरी ठेवू नये.

मत कोणाला दिले ते कोणास सांगू नये आणि कोणास विचारू नये. बेलभंडारा उचलावयास कोणी सांगितले तर हात जोडून नकार द्यावा. त्या नकाराने देव रागावणार नाही.

मंदिराच्या भिंतीवर कोणत्याही पक्षाचा फलक, कोणत्याही उमेदवाराचा फोटो लागू नये. देणगीदारांच्या शिळेवर नावे आहेत ती देणगीदार म्हणून. त्यांपैकी कोणी उद्या निवडणुकीला उभा राहिला तर ती त्याच्या मताची पावती नव्हे. शिळेवरील नावे रकमेच्या क्रमाने न लावता वर्णानुक्रमाने लावली, याबद्दल मी समितीचे खास अभिनंदन करतो.

जसा पंचायतीचा हिशेब मागावयाचा, तसा मंदिराचाही द्यावयाचा. या स्मरणिकेत जमाखर्च छापला जाणार आहे, ही उत्तम गोष्ट आहे. जी समिती स्वतःची वही उघडी ठेवते तिलाच दुसऱ्याची वही मागण्याचा अधिकार पोचतो.

आणि शेवटची गोष्ट. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात दहा दिवस उपाशी राहिले, तेव्हा विठ्ठलाचे दार हरिजनांना उघडले. आपल्या मंदिराचे दार आज सर्वांना उघडे आहे. पण उघडे दार म्हणजे केवळ आत येण्याची परवानगी नव्हे. समितीत बसण्याचा, पंगतीत वाढण्याचा, पालखीला खांदा देण्याचा मान सर्व वस्त्यांना मिळाला तर नामदेवांच्या मुलखात मंदिर बांधल्याचे सार्थक होईल. पुढल्या सप्ताहात ते दिसावे, अशी माझी समितीला जाहीर विनंती आहे.

मंडळी, ते म्हातारे शेतकरी आज याच मंडपात कोठे तरी बसले आहेत. त्यांचे नाव मी घेत नाही. त्यांना ते आवडणार नाही. त्यांनी दिलेली दोन पायल्या ज्वारी देवाच्या वहीत लिहिलेली आहे. त्या रात्री त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र गावाच्या वहीत लिहून ठेवावा. मी शिक्षक असून गप्प बसलो होतो आणि ते बोलले, याची नोंदही या निमित्ताने माझ्या हातून छापील पानावर होत आहे, तेवढेच माझे प्रायश्चित्त.

मंडपाचा एक खण कमी पडला. पाऊस आला तर शेवटच्या रांगेतली माणसे थोडी भिजतील. त्यांनी पुढे सरकून बसावे, पुढच्यांनी जागा द्यावी. एवढे जमले तर हा मंडप सर्वांना पुरेल.

 

रामकृष्ण हरी. जय हिंद.